विहिरीतून आलेलं स्मरणपत्र

निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली. तरी दुपारच्या उन्हात एखाद्या शेतात पडकी विहीर दिसली, की मी पायवाट सोडून लांबून जातो. बायको टोमणा मारते, "येवढे फौजदार, अन् विहिरीला भिऊन ऱ्हायले." भितो, असं मी सरळ सांगतो. नोकरीत दरोडे पाहिले, दंगली पाहिल्या, रुळावरून माणसं गोळा केली, पण त्यातल्या कशानंही माझी झोप उडाली नाही. झोप उडवली ती एका अर्जानं. आणि तसा नम्र अर्ज मला पुन्हा कधी आला नाही.

तेव्हा मी जालना जिल्ह्यात, परतूरच्या अंगाला एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. ठाण्याचं नाव सांगणार नाही, माणसांची तर मुळीच नाही. ठाणं म्हणजे पत्र्याची पडवी, तीन खोल्या, लिंबाचं एक झाड आणि धक्का दिल्याशिवाय चालू न होणारी जीप. सकाळी हजेरी, मग स्टेशन डायरी, मग गस्तीवरून आलेल्यांची झोपाळू तोंडं बघायची, आणि अकराच्या सुमारास टपाल. टपाल मी स्वतः फोडायचो. ज्याच्या हातानं टपाल फुटतं त्याचंच ठाणं असतं, असं माझ्या पहिल्या साहेबांनी मला शिकवलं होतं.

एप्रिलचा उन्हाळा तापायला लागला होता. एका सोमवारी टपालात साधं पाकीट आलं. आतला रेघांचा कागद ओला होऊन वाळल्यासारखा सुरकुतलेला होता. डाव्या बाजूचा पाव भाग दुमडून समास पाडलेला, जुन्या अर्जांत पाडत तसा. अक्षर वाकडंतिकडं. मजकूर असा होता :

"मा. ठाणेदार साहेब यांचे सेवेशी. विषय : अर्जदारास पाण्यातून बाहेर काढणेबाबत. सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार दिवाळीपासून आपल्या हद्दीतील एका विहिरीत आहे. अर्जदार घर सोडून गेला, असे गावात बोलले जाते, ते खरे नाही. तरी साहेबांनी आपल्या सवडीप्रमाणे अर्जदारास बाहेर काढण्याची कृपा करावी. समास साहेबांच्या शेऱ्यासाठी सोडला आहे. आपला आज्ञाधारक." खाली पूर्ण नाव आणि गाव.

मी हसलो. खोटं कशाला सांगू, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पुन्हा हसलो. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर आमचा जुना हवालदार बसलेला होता. मूळचा घनसावंगीकडचा, बोलायला कमी, पण स्वतःच्या हातून गेलेला एकही कागद विसरत नसे. तो हसला नाही.

"साहेब, या नावाचा मानूस आपल्याकडं मिसिंग हाय," तो म्हणाला.

फाईल काढली. खरंच होतं. आष्टीच्या बाजाराला येणाऱ्या एका गावातला शेतकरी, चाळिशीचा. दिवाळीनंतर चार दिवसांनी शेतात म्हणून गेला तो परत आला नाही. त्याच्या बायकोनं मिसिंग दिली होती. आम्ही फोटो घेतला, संगणकावर चढवला, सगळ्या ठाण्यांना संदेश पाठवला आणि फाईल कपाटात टाकली. कुणाशी वैर होतं का, हे तिला विचारलंही नाही. जालन्याच्या स्टेशनवर पिशवी घेऊन तो दिसल्याचं गावातलं कुणी सांगितलं होतं. पुण्याला वॉचमन म्हणून गेला असेल, कंटाळला की येईल, असं आम्हीही धरून चाललो. असे बरेच जातात आणि बरेच येतातही.

त्याची बायको मात्र दर बाजाराच्या दिवशी यायची. चपला पायरीखाली काढायची आणि पडवीच्या खांबाला धरून उभी राहायची. तिची सासू तिला घरात राहू देत नव्हती. बाईत खोट असल्याशिवाय गडी घर सोडत नाही, असं सगळ्या आळीला सांगत होती. माहेरी भाऊ ठेवून घेईना. एकदा तिनं मला विचारलं होतं, "साहेब, मी दुसरं काही मागत न्हाई. कुंकू लावू का पुसू, येवढं सांगा." मी तिला शोध चालू असल्याचं सांगितलं. शोध चालू नव्हता.

तर हा अर्ज. कुणाची तरी टवाळी असणार, पण चौकशी तर करायलाच हवी. पाकिटावर आष्टीच्या पोस्टाचा शिक्का. म्हणजे बाजाराला येणारा कुणीही. मी गावच्या पोलीस पाटलाला बोलावलं. पोलीस पाटील म्हणजे गावातला आमचा डोळा आणि कान. गावात काही बरंवाईट घडलं तर पहिली वर्दी त्यानं द्यायची. हा पाटील साठीला आलेला, डोक्यावर पांढरी टोपी, शब्द मोजून बोलणारा. त्याच्या रिपोर्टात कधी खोटं अक्षर निघालं नाही, अशी त्याची आमच्याकडे ख्याती होती. नोटीस घेऊन गेला आणि माणूस गावात सापडला नाही तर तो तीनदा जाऊन येई, मगच 'मिळून आला नाही' असं लिही.

मी अर्ज त्याच्यापुढे ठेवला. त्यानं चष्मा लावून सगळा वाचला, पुन्हा वाचला आणि घडी घालून परत दिला.

"अक्षर ओळखीचं आहे का?"

"डाव्या हाताचं दिसून ऱ्हायलं साहेब. कोन्या हाताचं हे कसं सांगावं."

"गावात काही कुजबुज?"

"गावात सगळं शांत हाय," तो म्हणाला. चहा अर्धा टाकून उठला आणि दारातून मागं वळून मला नमस्कार करून गेला.

पुढच्या सोमवारी दुसरं पाकीट आलं. 'स्मरणपत्र क्रमांक एक' असं वर लिहिलेलं. तोच दुमडलेला समास, तोच सुरकुतलेला कागद. "अर्जदाराचा दिनांक अमुकचा अर्ज विचारात घेतलेला दिसत नाही. साहेबांच्या कामाचा व्याप अर्जदार जाणतो, म्हणून तक्रार नाही. विहिरीवर बाभळीच्या फांद्या टाकल्या असल्याने उजेड कमी येतो, इतकेच नम्रपणे निदर्शनास आणून देत आहे."

या वेळी कुणी हसलं नाही. स्मरणपत्र देणं ही तशी सरकारी रीत. दाद लागली नाही की लोक स्मरणपत्र देतात, त्यावरही दाद लागत नाही. पण या कागदाला हात लावताना माझ्या बोटांना गार लागलं, आणि बाहेर ऊन तर डांबर वितळवत होतं.

मी तलाठ्याकडून गावच्या शिवारातल्या विहिरींची यादी मागवली. चाळिसेक निघाल्या. तीन दिवस आम्ही भर दुपारी विहिरी बघत फिरलो, कारण सूर्य डोक्यावर असल्याशिवाय तळ दिसत नाही. गळ टाकायचा, ओढायचा. कुठं प्लास्टिकची कळशी, कुठं कुजलेला दोर, एका विहिरीत मेलेलं कोल्हं. शिवारात माणूस नाही, पाखरू नाही. आमचा हवालदार प्रत्येक विहिरीच्या काठावर टोपी काढायचा, वाकायचा आणि हळू आवाजात म्हणायचा, "पाव्हणं, आसाल तर सांगा." मी पहिल्यांदा त्याला झापलं. चौथ्या-पाचव्या विहिरीपासून झापणं बंद केलं. त्याचे शब्द खालून फिरून वर यायचे आणि ते त्याचेच आहेत, हे समजायला दरवेळी एक क्षण लागायचा.

यादीतल्या सगळ्या विहिरी झाल्या. काही मिळालं नाही.

ठाण्यात मात्र गंमत झाली, म्हणजे आता गंमत म्हणतो. एरवी आमच्याकडे कुणी हात जोडून आलं की त्याला पडवीत उभं करून ठेवायची पद्धत. अमुक साहेब येऊ द्या, तमुक कागद आणा, दुपारून या. पण त्या आठवड्यात कुणी म्हातारा हळू बोलत पायरीवर आला, की आमचे शिपाई गुमान उठून खुर्ची द्यायला लागले. पाणी द्यायला लागले. एकानं तर आलेल्या माणसाच्या पायाकडे बघून घेतलं, पाय ओले आहेत का म्हणून. लोकांना वाटलं, ठाण्याला नवा साहेब आला. घाबरलेले पोलीस किती सभ्य असतात, हे मी तेव्हा पाहिलं.

त्याच दरम्यान हवालदार एक कागद घेऊन माझ्यापुढे येऊन उभा राहिला. आवकच्या वहीत त्याला हेच नाव सापडलं होतं. दिवाळीच्या आधीची नोंद. त्यावरून गठ्ठे उपसून त्यानं मूळ अर्ज शोधला होता. बेपत्ता होण्याच्या आधी त्या माणसानं स्वतः येऊन दिलेला अर्ज. डावीकडचा पाव भाग दुमडून पाडलेला समास. 'साहेबांच्या शेऱ्यासाठी.'

"अक्षर येगळं हाय," हवालदार म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पन पान्यात राहून बोटं वाकडी व्हत्यात साहेब."

मी त्याला बाहेर जायला सांगितलं. कागद समोर धरला आणि तो दिवस जसाच्या तसा उभा राहिला.

त्या दिवशी एक पुढारी चार माणसं घेऊन ठाण्यात घुसला होता. त्याच्या भाच्याची पाण्याची मोटर चोरीला गेली होती. टेबलावर हात आपटून त्यानं माझ्या बदलीची धमकी दिली. मी उठून उभा राहिलो, त्याला चहा दिला आणि जीप काढून माणसं पाठवली. हा माणूस तेवढा वेळ खांबाजवळ उभा होता. पायात चपला नाहीत, शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली. पुढारी गेल्यावर तो आत आला, वाकला आणि अर्ज ठेवला. शेताकडे जायच्या वाटेवरून शेजारी त्याला मारायची भाषा करत होता. दोनदा कुदळ घेऊन अंगावर आला होता. मी मान वर न करता विचारलं, "आजच बघायला पाहिजे का?"

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "तुमच्या सवडीनं बघा. घाई बिलकुल न्हाई."

मी समासात लिहिलं, 'सवडीने चौकशी व्हावी', सही ठोकली आणि कागद गठ्ठ्यात गेला. माझ्या अक्षरातला तो शेरा माझ्यासमोर होता. सगळा अर्ज मी तेव्हा वाचलाही नव्हता, विषयाच्या ओळीवर थांबलो होतो. आता वाचला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'अर्जदाराच्या जिवाला धोका आहे.' आणि ज्या शेजाऱ्याविरुद्ध तो अर्ज होता, तो त्या पोलीस पाटलाचा मुलगा होता.

मुलाला दुसऱ्याच दिवशी आणलं. तिशीचा, अंगानं धिप्पाड, तोंडानं गोड. दोन तास मी त्याला प्रश्न विचारले. भांडण झालं होतं, मिटलं. तो पुण्याला गेला, मंग मी काय करू? वाट आता रिकामीच हाय, कोनी बी जावा. एकाही उत्तरात फट नव्हती. चौकशीत माझी एक सवय होती, माणसाला पाणी द्यायचं आणि त्याच्या हाताकडे बघायचं. त्या उन्हात, पंखा बंद असलेल्या खोलीत, त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, पण त्यानं ग्लास उचलला नाही. मी ग्लास हातात दिला तर त्यानं तो तोंडाकडे नेला आणि ग्लासातल्या पाण्याकडे नजर जाऊ नये म्हणून भिंतीकडे बघत राहिला. मग न पिताच खाली ठेवला.

एवढ्यावर खटला उभा राहत नाही. तेवढ्यात त्याच पुढाऱ्याचा फोन आला, "आपला मानूस हाय, जल्दी सोडा." मृतदेह नाही, साक्षीदार नाही. सोडावं लागलं.

तिसऱ्या सोमवारी स्मरणपत्र क्रमांक दोन आलं, आणि ते वाचून मी दार लावून घेतलं.

"साहेबांनी तीन दिवस उन्हात यादीतील विहिरी पाहिल्या, तसदीबद्दल अर्जदार आभारी आहे. अर्जदार यादीतील विहिरीत नाही. सध्या पाणी बरेच खाली गेले असून बाहेर काढणे सोपे जाईल. पावसाळा लागल्यावर पुन्हा अडचण होईल. उशिराबद्दल अर्जदाराच्या मनात काही नाही. साहेबांनी नाराज होऊ नये."

साहेबांनी नाराज होऊ नये. इतकी वर्षं मी लोकांच्या अर्जांत हेच वाचत आलो होतो आणि ते मला गोडच लागलं होतं. आता ते वाक्य वाचवेना. तो माणूस विहिरीत पडून माझी मर्जी सांभाळत होता, किंवा त्याच्या नावानं कुणीतरी सांभाळत होतं. मग जे केलं, ते माझ्या वरिष्ठांना कधीच सांगितलं नाही.

मी त्या अर्जाला उत्तर लिहिलं. ठाण्याच्या कागदावर, जावक क्रमांक टाकून. "श्रीयुत अमुक यांस, सविनय नमस्कार. आपला मूळ अर्ज व दोन्ही स्मरणपत्रे मिळाली. मूळ अर्ज आपण समक्ष दिला, तेव्हा मी तो वाचला नाही. ही चूक माझी आहे व त्याबद्दल मी आपली माफी मागतो. आपण नेमके कोठे आहात ते कळवल्यास मी स्वतः आपणास न्यायला येईन." खाली सही, शिक्का.

पोलीस पाटलाला बोलावलं. त्याच्या मुलाची चौकशी झाली होती, तरी तो बोलावल्या वेळी आला. मी त्याला उत्तर दिलं आणि सांगितलं, नोटिशीसारखं हे बजावायचं आहे, नावाच्या माणसाच्या हातात द्यायचं, आणि रीतीप्रमाणे पाठीमागं रिपोर्ट लिहून प्रत परत आणायची. बापाचा चेहरा बघावा, गावात हे पत्र फिरलं की कुणीतरी हलेल, एवढाच माझा हिशेब होता. त्यानं उभ्या उभ्या पत्र वाचलं. 'माफी मागतो' या शब्दांवर त्याचं बोट थांबलं. पत्र टोपीत ठेवलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता तो पडवीत आला. वहाणा पायरीखाली काढल्या. मी उठून खुर्ची पुढे केली, तर म्हणाला, "बसत न्हाई साहेब. आता त्या खुर्चीचा हक्क न्हाई ऱ्हायला." आणि प्रत माझ्यापुढे ठेवली. पाठीमागं त्याच्या नेहमीच्या सरळ अक्षरात रिपोर्ट होता :

"पत्र घेऊन समक्ष गेलो. सदर इसम आमच्या शेताच्या गटातील जुन्या, बुजल्याची नोंद असलेल्या विहिरीत असून मयत आहे. सबब बजावणी झाली नाही. सविनय सादर." खाली नाव, हुद्दा आणि गाव.

मी तो तीनदा वाचला. हवालदार दारात उभा होता.

"लिव्हायचं व्हतं 'मिळून आला न्हाई'," पाटील म्हणाला. "हात तसाच वळत व्हता साहेब. तीस वर्सं लिव्हलंय. पन आजवर खोटा रिपोर्ट दिला न्हाई. जाऊन पाह्यल्याबिगर लिव्हायचं न्हाई, म्हनून सकाळी विहिरीवर गेल्तो. तुमचं पत्र काठावर हुबं राहून त्याला वाचून दाखिवलं."

मी त्याला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं. त्यानं ते पिऊन टाकलं आणि सांगायला लागला. त्याच्या मुलानं त्या माणसाला कुदळीच्या दांड्यानं डोक्यात मारलं होतं. विहिरीत टाकलं, वर दगड आणि बाभळी टाकल्या. तिसऱ्या दिवशी बापाला ताज्या तोडलेल्या फांद्या दिसल्या आणि सगळं कळलं.

"वर्दी द्यायला पायजे व्हती. मपलं कामच त्ये. पन मपल्या पोराचं नाव हातानं लिव्हवंना. मंग म्हनलं, ज्याचा जीव गेला त्याच्या नावानं लिव्हू. विहिरीचा पत्ता लिव्हला की पोराचं नाव लिव्हल्यावानी व्हत व्हतं, म्हनून तेवढा ठिवला." अर्ज घरात कुणाला सापडू नयेत म्हणून तो ते पाण्याच्या रांजणाखाली ठेवत असे, कागद त्यानंच सुरकुतले होते.

"तो समास दुमडायची रीत?" मी विचारलं.

"त्याला मीच शिकिवली व्हती. पोरगा ऐकंना म्हनून त्यो पहिल्यांदा मपल्याकडंच आल्ता. मी म्हनलं, ठाण्यात अर्ज दे. साहेबाला शेरा मारायला जागा सोड. हात जोडून बोल, साहेबाला घाई करू नको, साहेब लोकांस्नी ते आवडत न्हाई." त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्यानं तसंच केलं आसंल. सांगितलेलं बराबर ऐकणारा मानूस व्हता."

मी रिकामा ग्लास त्याच्यापुढून उचलला आणि पंचांना बोलावणं धाडलं.

दुपारी पंच घेऊन विहिरीवर गेलो. पाणी गुडघाभर उरलं होतं. दगड आणि बाभळी काढायला दोन तास लागले. सहा महिन्यांत पाण्यानं माणसाचं काय होतं ते इथं लिहीत नाही. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली होती. खिशात दुधाची रिकामी पिशवी, तोंड गाठ मारून बंद केलेली, आणि तिच्यात चार घड्या घातलेला कागद. आमच्याच ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच. ठाण्याचा गोल शिक्का अजून वाचता येत होता. आम्ही पोहोचायच्या कितीतरी आधी आमचा शिक्का त्या विहिरीत पोहोचला होता. पंचनाम्यात ती ओळ मीच लिहिली.

मुलाला त्याच संध्याकाळी अटक झाली. पुढे शिक्षा लागली. बापानं कोर्टात सरळ साक्ष दिली, आधी गप्प राहिल्याची कबुलीही दिली, पोलीस पाटलाचं पद सोडलं आणि मुलाच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही. त्याला काय वाटलं असेल, ते त्याचं त्याला ठाऊक.

शाळा-कॉलेजात मला कधी बोलवतात. पोरं विचारतात, पोलीस ठाण्यात कसं बोलावं? आयोजकांना वाटतं, मी सांगेन की नम्रपणे बोला, कागद नीट आणा, साहेबांचा वेळ घेऊ नका. नम्र बोला, हे मी सांगतोच. अरेरावीनं कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. पण दुसरंही सांगतो. पोच घ्या, अधिकाऱ्याचं नाव विचारा, आणि जीव धोक्यात असेल तर 'साहेब, घाई आहे' हे तोंडावर म्हणा. घाई सांगण्यात उद्धटपणा नाही. आणि समोर कुणी खात्यातला तरुण बसलेला असला तर त्याच्याकडे बघून म्हणतो, जो टेबलावर हात आपटतो त्याचं काम आपण पहिलं करतो आणि जो हात जोडतो त्याला थांबवतो, आणि मग म्हणतो लोकांना बोलायची रीत नाही. आपणच शिकवली आहे ती रीत. अदब आधी खुर्चीकडून यायला हवी.

हे शहाणपण नंतरचं. मृतदेह निघाला त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत मला एकच काम करायचं होतं. शिपायाला पाठवता आलं असतं, तशी पद्धतही आहे. मी स्वतः गेलो.

ती सासरच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत राहत होती. गावात बातमी पोहोचली होती, दारापुढे माणसं जमली होती, पण तिला अजून कुणी सांगितलं नव्हतं. सासू भिंतीला टेकून खाली बसलेली होती, तोंडावर पदर. मी बूट काढले. ती घाईघाईनं सतरंजी अंथरायला लागली, तांब्या भरायला लागली. साहेब पहिल्यांदा घरी आले होते. मी तिला थांबवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. कुठं, कधी, कुणी. तिनं तांब्या खाली ठेवला, भिंतीला धरून बसली आणि रडली. बराच वेळ. मी तिथंच थांबलो.

रडणं ओसरल्यावर तिनं तोंड पुसलं.

"साहेब, येक इचारू का? राग येऊ देऊ नका."

"विचारा."

"त्या दिशी ठाण्यात त्यायच्या बोलन्यात काही कमीजास्त झालं व्हतं का? मी त्यायला जाताना सांगितलं व्हतं, नीट बोला, साहेबाफुडं आवाज चढवू नका. सा महिने झाले, मपल्या डोस्क्यात तेच फिरून ऱ्हायलं. काही चुकीचं बोलले आसतील, म्हनून तुम्ही बघितलं न्हाई. आसं तर झालं न्हाई ना?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"नाही," मी म्हणालो. "तुमचा नवरा बराबर बोलला. त्याच्याइतकं नीट त्या ठाण्यात कुणीच बोललं नाही. अर्ज मी वाचला नाही. चूक माझी होती."

नोकरीत मी हे वाक्य कुणापुढेही बोललो नव्हतो. ती माझ्याकडे बघत राहिली.

"मंग ठीक हाय," ती म्हणाली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही, आणि मीही माफी मागितली नाही.